‘हार्दिक शुभेच्छा’ नीट उमटतात का?

१९९७ साली लग्न होऊन मी लालबागहून भाईंदर पूर्वेला आले, तेव्हा नवघर रोडवरच्या आमच्या घरात आतल्या खोलीत एक लांबट टेबल होतं. त्यावर दोन व्हीसीआर, एक मिक्सर आणि एक छोटा टीव्ही. दिरांचा स्टेशनजवळ फोटो स्टुडिओ होता. लग्नाचं शूटिंग ते करायचे आणि मिक्सिंग घरी व्हायचं. एडिटिंग हा शब्द आमच्या धंद्यात तेव्हा कुणी वापरत नसे, मिक्सिंगच म्हणायचे. एका व्हीसीआरवर मूळ कॅसेट लावायची, दुसऱ्यावर कोरी, आणि हवा तो भाग आला की दोन्ही बटणं एकदम दाबायची. चुकलं तर मागे जाऊन पुन्हा. कॉपीची कॉपी काढली की रंग पसरायचे, नवरीच्या लाल शालूची कड चेहऱ्यावर यायची. मला हे काम आवडलं. मुलं झोपली की मी टेबलाशी बसायचे, आणि अजूनही बसते.

आता लग्नाचं काम कमी झालंय. पण दर आठवड्याला कुणी ना कुणी दार वाजवतं. सोसायटीतली मुलं, जेसल पार्कहून येणारे निवृत्त काका, मीरा रोडच्या शाळेतल्या बाई. विचारणं एकच असतं. “काकू, घरच्या घरी व्हिडिओ करायचाय. स्वस्तातलं सॉफ्टवेअर कुठलं?”

मी आधी नाव सांगत नाही. म्हणते, फोन दाखवा, त्यात काय शूट केलंय ते बघू. मग विचारते, कॉम्प्युटर कुठला, किती वर्षांचा, रॅम किती. आणि शेवटी एक चिठ्ठी देते. तिच्यावर चार शब्द लिहिलेले असतात : हार्दिक शुभेच्छा, सिद्धिविनायक, श्रद्धांजली, कऱ्हाडे. जे सॉफ्टवेअर घ्यायचा विचार आहे, त्यात हे टाइप करून बघा आणि मग या.

ही चिठ्ठी कुठून आली ते सांगते.

इंद्रलोकमध्ये राहणारे एक गृहस्थ काही वर्षांपूर्वी संध्याकाळी सातच्या सुमारास आले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नीचं तेरावं होतं. जुने फोटो, मुलीच्या लग्नातले तुकडे, नातवाने फोनवर घेतलेलं आजीचं बोलणं, असं सगळं जोडून त्यांनी स्वतः बावीस मिनिटांची फिल्म केली होती. सॉफ्टवेअर त्यांनी इंटरनेटवर सवलतीत, आयुष्यभरासाठी म्हणून विकत घेतलं होतं. काम खरोखर मनापासून केलेलं होतं, कुठे काय ठेवायचं याची त्यांना उत्तम जाण होती. पण सुरुवातीलाच ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ ही अक्षरं तुटली होती. ‘र्ण’चा रफार भलत्याच अक्षरावर बसलेला, ‘श्र’ सुटून ‘श्’ आणि ‘र’ वेगळे, ‘द्धा’च्या मध्ये उघडा पाय मोडलेला. पत्नीच्या नावातही जोडाक्षर होतं, तेही फुटलं होतं. ते मला म्हणाले, “बाकी काही राहिलं तर चालेल. तिचं नाव तेवढं नीट यायला हवं.”

त्या सॉफ्टवेअरमध्ये ते येणं शक्यच नव्हतं. मराठी अक्षरं टाइप होतात त्या क्रमाने दिसत नाहीत. ‘दि’ लिहिताना वेलांटी ‘द’च्या नंतर टाइप होते, पण दिसते ‘द’च्या आधी. रफाराचा ‘र’ आधी टाइप होतो आणि जाऊन बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. ही मांडणी करून देणारा भाग सॉफ्टवेअरच्या आत असावा लागतो. इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या कित्येक स्वस्त, आणि काही महागड्याही, सॉफ्टवेअरमध्ये तो नसतो किंवा अर्धवट असतो. मग अक्षरं टाइप झाली त्या क्रमाने एकापुढे एक पडतात.

आम्ही त्या रात्री सगळ्या पाट्या लिब्रेऑफिसमध्ये लिहिल्या, मागचा भाग पारदर्शक ठेवून चित्र म्हणून पीएनजीमध्ये काढल्या आणि ती चित्रं त्यांच्या फिल्मवर ठेवली. चित्रातली अक्षरं कुठलंच सॉफ्टवेअर मोडू शकत नाही. रात्री एकला काम संपलं. हा उपाय कुणालाही जमतो, कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये चालतो आणि त्याला एक रुपया लागत नाही. पण तेराव्याच्या आदल्या रात्री तो शोधायची वेळ कुणावर येऊ नये, म्हणून ती चिठ्ठी.

चिठ्ठीतला ‘कऱ्हाडे’ खास मराठीसाठी आहे. डोळ्याच्या पापणीसारखा हा अर्धा ‘र’ हिंदीत लागत नाही, त्यामुळे ‘हिंदी चालतं’ असं विक्रेत्याने सांगितलं तरी आपलं काम झालेलं नसतं. ‘ल’ आणि ‘श’ यांचंही तसंच. अनेक मोफत फॉन्टमध्ये ही अक्षरं हिंदी वळणाची येतात. मराठी वळणाची अक्षरं त्याच फॉन्टच्या पोटात दडलेली असतात, पण ती बाहेर काढायची सोय बहुतेक व्हिडिओ सॉफ्टवेअरमध्ये नसते. मुंबईच्याच एक टाइप या गटाने केलेला ‘मुक्ता’ किंवा गूगलचा ‘नोटो’ हे फॉन्ट मोफत आहेत आणि स्वच्छ आहेत. पाटीसाठी मी तेच सुचवते.

आमच्या स्टुडिओतही एके काळी हा गोंधळ होता, फक्त वेगळ्या वाटेने. युनिकोड रुळायच्या आधी आम्ही कृतिदेव, श्रीलिपी असले फॉन्ट वापरायचो. ‘चि. सौ. कां.’पासून ‘आपले नम्र’पर्यंत सगळं सुबक दिसायचं. पण आत ती रोमन अक्षरंच असायची, वर फक्त मराठी रूप चढवलेलं. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर जुनं काम उघडलं की नवरा-नवरीच्या नावाच्या जागी नुसता रोमन अक्षरांचा कालवा. जे आज दिसतं ते दहा वर्षांनी उघडेल का, हा प्रश्न मला तेव्हापासून लागला.

पहिला कॉम्प्युटर आम्ही २००१ मध्ये घेतला. लॅमिंग्टन रोडवरून कॅप्चर कार्ड आणलं, लोकलमध्ये मांडीवर धरून. डीव्ही कॅमेऱ्याची एक तासाची कॅसेट कॉम्प्युटरमध्ये घ्यायला सुमारे १३ जीबी जागा लागते, आणि आमची अख्खी हार्ड डिस्क २० जीबीची. आमच्या तेव्हाच्या विंडोजमध्ये एक फाइल ४ जीबीच्या वर जात नसे, म्हणून दर अठरा-एकोणीस मिनिटांनी कॅप्चर तुटायचं. मंगलाष्टकं नेमकी तिथे आली की पुन्हा कॅसेट मागे. एक लग्न पूर्ण करून, कॅसेटवर उतरवून, हार्ड डिस्क पुसून मगच दुसरं घ्यायचं. पुसताना हात थांबायचा. पण जागाच नव्हती.

२६ जुलै २००५ च्या पावसात स्टेशनजवळच्या गाळ्यात कमरेएवढं पाणी शिरलं. मूळ कॅसेटांचं कपाट खालीच होतं. पाणी ओसरल्यावर आम्ही कॅसेटी पुसून गच्चीवर वाळवल्या, पण चिखलाचं पाणी फितीत गेलं होतं. बहुतेक टाकून द्याव्या लागल्या. ज्या लग्नांचं काही उरलं, ते गिऱ्हाइकांच्या घरी, वरच्या मजल्यांवर, टीव्हीखालच्या खणात राहिलेल्या कॉपीमुळे. त्या दिवसापासून मी कुणालाही व्हिडिओ एका जागी ठेवू देत नाही. सॉफ्टवेअरच्या गप्पा मारायला आलेल्या माणसाला मी हार्ड डिस्क आधी घ्यायला लावते, ती यामुळे.

आता फोनचं. आज घरगुती व्हिडिओचा कच्चा माल फोनमधूनच येतो आणि बहुतेक अडचणी तिथेच सुरू होतात. फोन प्रकाश पाहून दर सेकंदाची चित्रं कमी-जास्त करतो. कधी तीस, कधी पंचवीस, कधी मधलंच काही. फोनवर बघताना कळत नाही. पण काही सॉफ्टवेअर ठरावीक वेग धरून चालतं, आणि पाचव्या मिनिटाला ओठ एक बोलतात आणि आवाज दुसरा येतो. २०२० च्या टाळेबंदीत शांतीनगरच्या एक शिक्षिका रडकुंडीला येऊन फोनवर बोलल्या होत्या. अपूर्णांकाचा चाळीस मिनिटांचा पाठ, फळ्यावर खडू टेकतो आणि त्याचा आवाज अर्ध्या सेकंदाने येतो. त्यांना वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. चूक त्यांची नव्हती. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरने फाइल ठरावीक वेगात बदलून घेतली आणि पाठ जागेवर आला. शॉटकट हे सॉफ्टवेअर तर अशी फाइल आत घेतानाच सांगतं की ही एडिटिंगला सोयीची करून देऊ का. एवढी एक सूचना नवख्या माणसाचे तीन दिवस वाचवते.

दुसरी अडचण ४के. विक्रेता सांगतो म्हणून सगळे फोनवर ४के लावून ठेवतात. आयफोनच्या सेटिंगमध्येच लिहिलेलं असतं की ४के, सेकंदाला ३० चित्रं, एका मिनिटाला सुमारे १७० एमबी. १०८०पी घेतलं तर सुमारे ६० एमबी. बारशाच्या दोन तासांचा हिशेब करा. आणि सात-आठ वर्षांच्या लॅपटॉपवर ते ४के अडखळत चालतं. माणसाला वाटतं सॉफ्टवेअर वाईट आहे, मग तो दुसरं घेतो, तिसरं घेतो. घरातल्या टीव्हीवर आणि नातेवाइकांच्या फोनवर पाहायच्या फिल्मला १०८०पी पुरेसं असतं. ही गोष्ट पटायला लोकांना वेळ लागतो, पण मी हट्टाने सांगते.

आणि व्हॉट्सॲपवरून आलेले तुकडे जोडू नका. मामाने गावाहून पाठवलेला व्हिडिओ वाटेतच दाबून लहान केलेला असतो. त्यांना सांगा, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ फाइल जशीच्या तशी येते.

मीरा रोडला मालिकांमध्ये काम करणारी पुष्कळ मंडळी राहतात, घोडबंदरच्या बाजूला आणि काशिमीऱ्याला सेट आहेत ना. त्यातली एडिटर पोरं हुशार आणि मदतीला तत्पर. पण त्यांना शेजारच्या आजोबांनी विचारलं की ती स्वतः वापरतात तेच, म्हणजे बहुधा प्रीमियर, सांगतात. आजोबांना वर्षातून दोन फिल्म करायच्या असतात, एक नातीच्या वाढदिवसाची आणि एक सहलीची. अडोबीने २०१३ मध्ये प्रीमियरची पेटी विकणं थांबवून दरमहा पैसे घ्यायला सुरुवात केली. रोज त्यावर पोट भरणाऱ्याला ते परवडतं. आजोबांनी वर्षभर पैसे भरायचे आणि सॉफ्टवेअर दोनदा उघडायचं, याला मी स्वस्त म्हणणार नाही. पैसे थांबवले की आपणच केलेलं काम उघडता येत नाही. त्याच कंपनीचं घरगुती वापरासाठीचं प्रीमियर एलिमेंट्स एकदाच पैसे देऊन मिळतं, पण २०२५ च्या आवृत्तीपासून तेही तीन वर्षांपुरतं असतं. ‘एकदाच’ या शब्दाखालची बारीक अक्षरं वाचा.

फुकटाचंही असंच तपासावं लागतं. विंडोज मूव्ही मेकर २००० साली विंडोज एमईबरोबर आलं आणि किती घरांनी त्यावर पहिली फिल्म केली असेल! जानेवारी २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते बंद केलं. जून २०२० मध्ये सरकारने ५९ ॲप बंद केली, त्यात व्हिवाव्हिडिओ होतं. आमच्या मजल्यावरच्या मुलीची दहावीच्या निरोपाची फिल्म त्यात अर्धी होती. क्लिप फोनमध्ये होत्या, पण लावलेला क्रम, कापलेल्या जागा, सगळं गेलं. तिने पुन्हा बसून केलं.

याच ओघात एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती मी फार वेळा पाहिली आहे. मुलं येतात पेनड्राइव्ह घेऊन. “काकू, पूर्ण झालंय, फक्त एक्स्पोर्ट करून द्या.” पेनड्राइव्हवर चाळीस केबीची एक फाइल. प्रोजेक्टच्या फाइलमध्ये व्हिडिओ नसतो, तो कुठे ठेवलाय आणि कुठे कापायचाय याची नोंद तेवढी असते. म्हणून पहिल्या दिवशी एक फोल्डर करा, त्यात सगळे व्हिडिओ, फोटो, गाणी, पाट्या आणि प्रोजेक्ट. उचलायचं तर अख्खं फोल्डर उचला.

आणि चोरीचं सॉफ्टवेअर. कॉम्प्युटर जुळवून देणारा “टाकून देतो मोफत” म्हणतो आणि आपल्याला बरं वाटतं. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने असंच महागडं सॉफ्टवेअर फुकट घालून घेतलं. तीन महिन्यांनी एका सकाळी सगळ्या फाइलींची नावं बदललेली आणि पैशांची मागणी करणारी चिठ्ठी पडद्यावर. नातवाचं बारसं, आजोबांची पंचाहत्तरी, सगळं कुलपात. असे व्हायरस अनेकदा अशा चोरीच्या सॉफ्टवेअरच्या, म्हणजे क्रॅकच्या, वाटेने घरात शिरतात. त्यांनी पैसे भरले नाहीत, मीही भरू नका म्हटलं. बारशाचे काही तुकडे आत्याच्या फोनमध्ये सापडले, तेवढेच. आमच्या धंद्यातही एके काळी क्रॅक सर्रास चालायचं आणि आम्हीही ते वापरलं. ते चूक होतं. आज तर त्याची गरजच उरलेली नाही.

कारण मोफत आणि सचोटीचं पुष्कळ मिळतं. माझं मत सरळ सांगते. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या बहुतेक घरांना शॉटकट पुरतं. ८ जीबी रॅमवर ते १०८०पीचं काम नीट करतं, फिल्मवर स्वतःचा शिक्का मारत नाही, आणि त्याचा प्रोजेक्ट साध्या मजकुराच्या फाइलमध्ये राहतो, जो नोटपॅडमध्येही वाचता येतो. पाट्या जास्त असतील, तुकडे शंभराच्या वर असतील तर केडेनलाइव्ह. त्यात मराठी अक्षरं व्यवस्थित बसतात, आणि जुन्या मशीनसाठी जड व्हिडिओची हलकी प्रत आपोआप करून घ्यायची सोय आहे. दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती या सगळ्यांपेक्षा ताकदवान आहे. सिनेमाचे रंग ज्यावर करतात तेच हे. पण १६ जीबी रॅम आणि बरं ग्राफिक्स कार्ड नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. आणि त्यातल्या काही इफेक्टवर हात गेला तर शिक्का उमटतो, कारण ते विकतच्या आवृत्तीतले असतात. विंडोज ११ असेल तर क्लिपचॅम्प आधीच बसवलेलं मिळतं, १०८०पीपर्यंत शिक्का नाही. आयफोन किंवा मॅक असेल तर आयमूव्ही आहेच. या कशावरही माझ्या चिठ्ठीची परीक्षा घेतल्याशिवाय विसंबू नका, कारण आवृत्ती बदलली की अक्षरांची वागणूकही बदलते.

सगळ्यांना कॉम्प्युटर लागतोच असंही नाही. उत्तनहून एक मावशी येतात, कोळी समाजातल्या. किनाऱ्यावर बांबूंवर सुकणारे बोंबील, जाळी विणणं, लग्नातलं उंबराचं पाणी, असे दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ करून त्या परदेशातल्या मुलीला पाठवतात. मी उत्साहाने त्यांना कॉम्प्युटरवर बसवलं. अर्ध्या तासाने त्या म्हणाल्या, “बाय, मना कंप्युटर नको. हाय तो फोनच बरा.” त्यांचं बरोबर होतं. त्यांची अडचण एडिटिंगची नव्हतीच, वाऱ्याची होती. समुद्राच्या वाऱ्यात बोलणं ऐकू येत नव्हतं. आम्ही तारेचा एक साधा कॉलरमाइक आणला, त्यावर स्पंजचं टोपण लावलं. कापाकापी त्या फोनवरच करतात आणि छान करतात. दोन मिनिटांच्या कामाला फोन पुरतो, हे मी त्यांच्याकडून शिकले.

पैसे खर्च करायचेच असतील तर माझा आग्रह असा : सॉफ्टवेअरवर नको, दोन हार्ड डिस्कवर करा, आणि दुसरी बहिणीच्या किंवा भावाच्या घरी ठेवा. घरात जुन्या व्हीएचएस कॅसेटी असतील तर त्या आधी कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्या. जगातले शेवटचे व्हीसीआर जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैमध्ये बनवले. माझ्याकडे दोनांपैकी एक अजून चालतो, त्याचं हेड मी दर महिन्याला स्वतः पुसते. सुटा भाग मिळत नाही.

आणि मे महिन्यातल्या लग्नासाठी सॉफ्टवेअर मे महिन्यात शोधू नका. आजच एक मिनिटाची फिल्म पूर्ण करा. फोनमधले चार तुकडे, एक फोटो, थोडा आवाज, आणि सुरुवातीला घरातल्या सगळ्यांत अवघड जोडाक्षराचं नाव. ती फाइल बाहेर काढा, दुसऱ्याच्या फोनवर लावा, टीव्हीवर लावा. नाव नीट उमटलं, ओठ आणि आवाज जुळले, आणि कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केल्यावर प्रोजेक्ट उघडला, तर ते सॉफ्टवेअर तुमचं. नाही जमलं तर नवघर रोडला या. संध्याकाळी सातनंतर मी टेबलाशी असते.